रोगप्रतिकारक पेशींचा पृष्ठभाग आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील एम.एस्सी.चे विद्यार्थी, संशोधनासाठी नुकतीच नोंदणी केलेले प्राध्यापक आणि काही रक्त-तपासणी प्रयोगशाळांतील तंत्रज्ञ जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. सोप्या प्रश्नांपासून सुरुवात केली असून अडचणीचे प्रश्न पुढे येतात. एका उत्तराचा भाग दुसऱ्या उत्तरात असेल, तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पेशीच्या आतले सोडून तिचा पृष्ठभाग पाहण्यात एवढे काय आहे?

पांढऱ्या पेशीचे बरेचसे काम तिच्या पृष्ठभागावरच होते. रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटणे, समोरची पेशी आपली की परकी हे चाचपणे, जंतूला कवेत घेणे, या साऱ्याची सुरुवात पेशीपटलावर होते. कोणता रेणू पेशीवर आहे याइतकेच तो पेशीवर नेमका कोठे आहे हेही महत्त्वाचे असते. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर बोटांसारखे बारीक उंचवटे असतात. प्रयोगशाळेत त्यांना मायक्रोव्हिलाय म्हणतात, आपण सूक्ष्मांकुर म्हणू. रक्तवाहिनीची भिंत पकडणारा एल-सिलेक्टिन हा रेणू या सूक्ष्मांकुरांच्या टोकांवर असतो, तर बीटा-२ गटातील इंटिग्रिन हे चिकटणारे रेणू मुख्यतः पेशीच्या सपाट अंगावर असतात. १९९५ साली संशोधकांनी एल-सिलेक्टिनचा बाहेरचा भाग दुसऱ्या एका रेणूच्या मुळाला जोडून त्याला टोकांवरून सपाट भागावर उतरवले. रेणूचा पकडणारा भाग तोच होता, तरीही वाहत्या द्रवात भिंत पकडण्याची त्या पेशींची क्षमता फार घटली. अशी जागा दाखवण्याचे काम इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक करतो, म्हणून त्याला या विषयात मान आहे.

२. महाविद्यालयातल्या १००० पट मोठे करणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने हे का दिसत नाही?

कारण अडचण मोठे करण्याची नाही, दोन ठिपके वेगळे दिसण्याची आहे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असल्याने सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू साध्या सूक्ष्मदर्शकात एकच दिसतात. सूक्ष्मांकुराची जाडी असते सुमारे १०० नॅनोमीटर. १०० किलोव्होल्टच्या दाबाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी मात्र ०.००३७ नॅनोमीटर इतकी लहान असते. त्यामुळे तेथे मर्यादा तरंगलांबीची राहत नाही. ती भिंगांची आणि त्याहून अधिक आपल्या नमुन्याची असते. १९३१ साली बर्लिनमध्ये अर्न्स्ट रुस्का आणि माक्स नॉल यांनी हे यंत्र प्रथम उभे केले, आणि रुस्का यांना त्यासाठी १९८६ मध्ये, म्हणजे तब्बल ५५ वर्षांनी, नोबेल मिळाले.

३. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा कोणता प्रकार घ्यावा, स्कॅनिंग की ट्रान्समिशन?

पृष्ठभागाची ठेवण एका नजरेत पाहायची असेल तर स्कॅनिंग. त्यात इलेक्ट्रॉनची बारीक शलाका पेशीवरून रांगेने फिरते आणि पृष्ठभागातून उसळलेले इलेक्ट्रॉन टिपून चित्र तयार होते. ट्रान्समिशनमध्ये इलेक्ट्रॉन नमुन्याच्या आरपार जातात, म्हणून पेशीचे ७० नॅनोमीटरच्या आसपास जाडीचे काप घ्यावे लागतात. मग सूक्ष्मांकुर कधी उभा, कधी आडवा, तर कधी नुसत्या वर्तुळासारखा कापलेला दिसतो. सूक्ष्मांकुराच्या आत ॲक्टिन या प्रथिनाचे धागे आहेत का, हे मात्र ट्रान्समिशननेच कळते. दोन पेशी एकमेकींना भिडल्या असतील, तर त्यांच्यामधली फट स्कॅनिंगला दिसतच नाही. अशा वेळी आयनांच्या शलाकेने थोडा थोडा थर तासत, प्रत्येक थरानंतर चित्र घेत पूर्ण जोडीची त्रिमिती प्रतिमा उभी करणारे यंत्र वापरतात. ते महाग आहे आणि वेळही फार खाते. पदव्युत्तर प्रबंधासाठी त्याचा हट्ट धरू नये.

४. कोणती पेशी कशी दिसते?

विश्रांतीतील लिम्फोसाइट ६ ते १० मायक्रोमीटर व्यासाची, गोल आणि बोंड फुटू लागलेल्या कापसासारखी आखूड तंतूंनी भरलेली दिसते. मोनोसाइटवर तंतूंपेक्षा झालरीसारख्या उभ्या घड्या जास्त असतात, आणि तिची मॅक्रोफेज झाली की या घड्या पसरट होतात. न्यूट्रोफिलवर आखूड कंगोरे दिसतात, पण काचेला लागताच ती इतक्या लवकर पसरते की तिचे मूळ रूप पाहायला मिळणे हेच कौशल्य ठरते. राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये वर्णिलेल्या आणि त्यांना २०११ चे नोबेल मिळवून देणाऱ्या डेंड्रायटिक पेशी पक्व झाल्यावर पातळ पडद्यांसारखे लांब पदर फेकतात. हे वर्णन केवळ ओळख करून घेण्यासाठी आहे. त्यावरून पेशीचे नाव ठरवू नये. कारण प्रश्न ७ मध्ये आहे.

५. रक्त धडगावला घेतले आणि यंत्र मुंबईला आहे. नमुना कसा न्यावा?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच आहे, आणि माझ्या मते संपूर्ण कामाचा निकालही येथेच लागतो. सूक्ष्मांकुर म्हणजे पेशीवर कायमचे कोरलेले नक्षीकाम नव्हे. ते ॲक्टिनच्या धाग्यांवर उभे असतात आणि ॲक्टिन मोडणारे औषध दिल्यास काही मिनिटांत नाहीसे होतात. थंडी, द्रवाचा खारटपणा, सेंट्रिफ्यूजचा जोर, काचेचा स्पर्श यांपैकी प्रत्येक गोष्ट त्यांना हलवते. म्हणून रक्त जिवंत अवस्थेत मुंबईला पोहोचवण्याचा विचार सोडून द्यावा आणि पेशी शक्य तितक्या जवळ स्थिर करून, म्हणजे रसायनाने आहे त्या रूपात पक्क्या करून, मगच प्रवासाला निघावे.

ज्या प्रयोगशाळेत साधे सेंट्रिफ्यूज आहे तेथेच, रक्त घेतल्यापासून एक-दोन तासांत, १.०७७ घनतेच्या द्रवावर पांढऱ्या पेशी वेगळ्या कराव्यात. पूर्ण रक्तात थेट ग्लुटारल्डिहाइड हे स्थिर करणारे रसायन ओतू नये, कारण प्लाझ्मातील प्रथिने जमून पेशींवर त्याचा लेप बसतो. धुतलेल्या पेशी काही काळ ३७ अंशांवर मोकळ्या सोडाव्यात आणि त्या द्रवात तरंगत असतानाच त्याच तापमानाचे २.५ टक्के ग्लुटारल्डिहाइड घालावे. ज्या बफरमध्ये, म्हणजे आम्लता कायम राखणाऱ्या द्रवात, ते बनवले आहे त्याचा परासरण दाब रक्ताजवळचा, म्हणजे २९० मिलिऑस्मोलच्या आसपास असावा. तो फार कमी असेल तर पेशी फुगते, आणि सूक्ष्मांकुरांत राखून ठेवलेले पटल त्या फुगवट्यात खर्ची पडते. काचेवर चिकटवण्याचे काम स्थिरीकरणानंतर करावे. पॉलिलायसिन लावलेल्या काचेवर जिवंत पेशी सोडली, तर ती काचेकडे ओढली जाऊन सपाट होते.

स्थिर केलेल्या पेशी बफरमध्ये ४ अंशांवर काही दिवस चांगल्या राहतात. थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या पिशव्या आणि नळ्या यांच्यामध्ये कापडाची घडी ठेवावी. उन्हाळ्यात नमुना तापेल या भीतीने विद्यार्थी नळी बर्फात पुरतात, ती गोठते, आणि बर्फाचे स्फटिक पटलाला भोके पाडतात.

येथे एक कबुली देतो. माझ्या पहिल्या प्रयोगात रक्त रात्रभर फ्रीजमध्ये राहिले आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या लिम्फोसाइट गुळगुळीत निघाल्या. त्या रुग्णाच्या आजाराचे हे नवे लक्षण आहे, अशा समजुतीने मी सारांशही लिहून टाकला होता. सुदैवाने मार्गदर्शकांनी निरोगी माणसाचे रक्तही तसेच रात्रभर ठेवून पाहायला सांगितले. तेही गुळगुळीत निघाले.

६. अल्कोहोलनंतर पेशी पंख्याखाली वाळवल्या तर काय बिघडते?

तापीकाठचा गाळ उन्हात वाळताना कसा आक्रसतो आणि तडकतो, ते आठवावे. द्रव आटताना त्याच्या पृष्ठताणाने आतले सारे खाली ओढले जाते. १०० नॅनोमीटर जाडीच्या बोटाला तो ताण सोसत नाही, ते पेशीच्या अंगाला चिकटून बसते. म्हणून अल्कोहोलच्या जागी द्रव कार्बन डायऑक्साइड भरतात आणि तो ३१ अंश सेल्सिअस व सुमारे ७३ वातावरण दाब या क्रांतिक बिंदूच्या पलीकडे नेतात. तेथे द्रव आणि वायू यांच्यातली सीमाच उरत नाही. सीमा नाही म्हणजे पृष्ठताण नाही, आणि मग वायू हळूहळू सोडून देता येतो.

आपल्या भागासाठी यात एक खास अडचण आहे, जी थंड प्रदेशात लिहिलेल्या माहितीपुस्तिकांत सहसा सापडत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांना टेकतो. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर अशा खोलीत असेल तर आतला वायू ३१ अंशांच्या वरच असतो, म्हणजे सिलिंडरमध्ये द्रव असा नसतोच. कक्षात द्रव भरत नाही म्हणून तंत्रज्ञ झडप बदलतात, सिलिंडर परत पाठवतात, पण दोष हवामानाचा असतो. सिलिंडर आदल्या रात्रीपासून वातानुकूलित खोलीत ठेवावा आणि कक्ष १० अंशांच्या आसपास थंड करून मगच द्रव घ्यावा.

असे यंत्र नसेल तर एचएमडीएस या रसायनाने वाळवण्याची पद्धत आहे. गोल, दणकट पेशींना ती चालून जाते. डेंड्रायटिक पेशींच्या पातळ पदरांसाठी मी ती वापरणार नाही.

७. जुन्या पुस्तकात बी पेशी केसाळ आणि टी पेशी गुळगुळीत असे दिले आहे. हे लिहिले तर चालेल का?

चालणार नाही. बी आणि टी हे लिम्फोसाइटचेच दोन प्रकार. १९७३ मध्ये स्कॅनिंग चित्रांच्या आधारे तसे मांडले गेले होते आणि काही काळ ते मान्यही झाले. १९७५ मध्ये दाखवले गेले की द्रवात तरंगत असतानाच स्थिर केलेल्या दोन्ही प्रकारच्या पेशींवर सूक्ष्मांकुर असतात आणि दोघींचे रूप सारखेच असते. आधीचा फरक मोठ्या प्रमाणात तयारीच्या पद्धतीतून आला होता.

असेच पुढे पुन्हा घडले. विस्कॉट-ऑल्ड्रिच या आनुवंशिक आजारात लिम्फोसाइटवरचे सूक्ष्मांकुर विरळ होतात, असे १९८० च्या दशकात नोंदले गेले आणि ते निदानाचे लक्षण मानले जाऊ लागले. २००४ मध्ये काळजीपूर्वक केलेल्या तुलनेत, त्या आजारात बिघडणारे प्रथिन सूक्ष्मांकुरांच्या रचनेसाठी लागतच नाही, असे आढळले. ज्यांनी आधीची निरीक्षणे केली ते अनुभवी संशोधक होते, म्हणून या दोन उदाहरणांचे वजन जास्त आहे. पेशी टी आहे की बी, हे प्रतिपिंडाने (अँटिबॉडीने) खूण करूनच ठरवावे. त्यासाठी पुढचा प्रश्न पाहावा.

८. सोन्याचे कण लावून रेणूची जागा कशी कळते? आमच्या चित्रात कण दिसलेच नाहीत.

ज्या रेणूचा शोध घ्यायचा त्याला ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला ५, १० किंवा १५ नॅनोमीटरचे सोन्याचे कण जोडतात. सोने जड असल्याने ते इलेक्ट्रॉन जोराने मागे फेकते आणि मागे फिरलेले इलेक्ट्रॉन टिपणाऱ्या शोधकात पांढरा ठिपका दिसतो.

कण न दिसण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे सवयीने नमुन्यावर चढवलेला सोन्याचा मुलामा. १० नॅनोमीटरच्या सोन्याच्या थराखाली १० नॅनोमीटरचा सोन्याचा कण शोधणे व्यर्थ आहे. अशा नमुन्यावर कार्बनचा पातळ थर द्यावा. दुसरे कारण ग्लुटारल्डिहाइड. ते प्रथिनांना इतके घट्ट बांधते की प्रतिपिंडाला त्याची जागा सापडत नाही. म्हणून आधी पॅराफॉर्मल्डिहाइड हे सौम्य स्थिरीकारक, नंतर प्रतिपिंड, आणि शेवटी ग्लुटारल्डिहाइड असा क्रम ठेवतात.

कण दिसले, पण भलत्याच ठिकाणी दिसले, तर प्रकरण अधिक नाजूक असते. जिवंत पेशीला उबदार वातावरणात दोन हातांचा प्रतिपिंड दिला, तर तो रेणूंना एकत्र ओढतो आणि पेशीच्या एका टोकाला त्यांची टोपी जमते. ही टोपी आपण घडवलेली असते. ती टाळण्यासाठी पेशी बर्फावर ठेवावी, तर थंडीने सूक्ष्मांकुर बदलतात. एकटे पॅराफॉर्मल्डिहाइड वापरावे, तर काही पटल-प्रथिने त्यानंतरही सरकत राहतात. पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये ०.१ ते ०.२ टक्के ग्लुटारल्डिहाइड मिसळणे हा तडजोडीचा मार्ग आहे. तुमच्या प्रतिपिंडाला ती तडजोड सोसते का, हे आधी चमकणारी खूण दाखवणाऱ्या फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकाखाली स्वस्तात तपासून घ्यावे. शिवाय प्रतिपिंड स्वतःच १० ते १५ नॅनोमीटर लांबीचा असतो आणि बहुधा दोन प्रतिपिंडांची साखळी वापरलेली असते, त्यामुळे कण जेथे दिसतो तेथून रेणू २० नॅनोमीटर किंवा त्याहून दूरही असू शकतो.

९. चित्रांतले रंग खरे असतात का?

नाही. इलेक्ट्रॉनला रंग नसतो. मूळ चित्र करडे असते आणि रंग नंतर संगणकावर भरतात. प्रबंधात रंग भरलेले चित्र दिले तर तसे खाली लिहावे.

१०. क्रायो पद्धतीत वाळवणे नाही, रसायने नाहीत. मग तीच का वापरू नये?

यश मिळाले तर तीच सर्वांत विश्वासार्ह आहे. पाणी इतक्या वेगाने गोठवायचे की त्याला स्फटिक होण्यास वेळच मिळू नये आणि ते काचेसारखे घट्ट व्हावे, ही त्यामागची कल्पना. जाक दुबोशे, योआखिम फ्रांक आणि रिचर्ड हेंडरसन यांना २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनासाठी मिळाले. द्रव ईथेनमध्ये बुडवल्यावर पेशीच्या कडेचे पातळ भाग उत्तम गोठतात. पेशीचा जाड भाग मात्र इलेक्ट्रॉनला आरपार जाऊ देत नाही, म्हणून तो आयनांच्या शलाकेने १०० ते २०० नॅनोमीटर जाडीपर्यंत तासावा लागतो आणि मग तिरप्या कोनांतून अनेक चित्रे घेऊन त्रिमिती प्रतिमा जुळवावी लागते. एका पेशीतून असा एखादाच पातळ पापुद्रा हाती लागतो. त्यातून एका सूक्ष्मांकुराचे अंतरंग अप्रतिम कळते, पण दोनशे पेशींची सरासरी घनता कळत नाही. प्रश्न कोणता आहे त्यावर पद्धत ठरवावी. पद्धत नवी आहे म्हणून प्रश्न बदलू नये.

११. जिवंत पेशी पाहता येते का?

नेहमीच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात निर्वात पोकळी असते, आणि इलेक्ट्रॉनचा मारा पेशीला मारण्यास पुरेसा असतो. हालचाल पाहायची तर प्रकाशाकडेच वळावे लागते. टी पेशीचे सूक्ष्मांकुर समोरच्या पेशीचा जवळजवळ सारा पृष्ठभाग सुमारे एका मिनिटात चाचपून घेतात, हे २०१७ मध्ये प्रकाशाच्या पातळ पात्याने घेतलेल्या जिवंत चित्रणातूनच कळले. दोन्हींचा मेळ घालायचा असेल, तर खुणांच्या जाळीवर वाढवलेली पेशी आधी फ्लुओरेसन्सखाली टिपून, स्थिर करून, तीच पेशी इलेक्ट्रॉनखाली शोधतात.

१२. नंदुरबारमध्ये सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांची तपासणी यावर होईल का?

निदानासाठी या यंत्राची गरज नाही. विद्राव्यता चाचणी आणि नंतर हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या चाचण्यांनी काम होते, आणि कोणत्याही कुटुंबाला निदानासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वाट पाहायला लावू नये. संशोधनाचा विषय म्हणून मात्र येथे वाव आहे. या आजारात रक्तवाहिन्या तुंबण्यात उत्तेजित न्यूट्रोफिल आणि त्यांना चिकटणाऱ्या तांबड्या पेशी यांचा वाटा असतो, आणि तो स्पर्श पृष्ठभागावरच घडतो. असे काम करताना संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आणि रुग्णाला समजेल अशा भाषेत घेतलेली संमती हवी. सातपुड्यातील पाड्यांवर ती भाषा भिली किंवा पावरी असू शकते.

१३. हेअरी सेल ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचे नावच केसांवरून आहे. तेथे तरी रूपावरून निदान होते ना?

नाव रूपावरून पडले, हे खरे. पण निदान एकेक पेशी लेझरसमोरून नेणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीवर पेशीपृष्ठावरील सीडी११सी, सीडी२५, सीडी१०३ आणि सीडी१२३ या खुणा तपासून, तसेच २०११ मध्ये सापडलेला बीआरएएफ जनुकातील बदल पाहून होते. काही इतर लिम्फोमांतील पेशीही केसाळ दिसतात. प्रश्न ७ मधला इशारा येथेही लागू आहे.

१४. न्यूट्रोफिलभोवती जाळे दिसले. ते नेट्स आहे की फायब्रिन?

न्यूट्रोफिल आपले डीएनए बाहेर फेकून जंतूंना अडकवणारे जाळे विणते, हे २००४ मध्ये प्रथम वर्णिले गेले. या जाळ्यांनाच नेट्स म्हणतात. त्यातले धागे १५ ते १७ नॅनोमीटर जाडीचे असतात आणि त्यांवर सुमारे २५ नॅनोमीटरच्या गाठी असतात. रक्त गोठताना तयार होणाऱ्या फायब्रिनचे धागे सामान्यतः जाड असतात, आणि ट्रान्समिशनमध्ये त्यांवर सुमारे २२ नॅनोमीटर अंतराने आडवे पट्टे दिसतात. पण वाळताना नेट्सचे धागेही एकमेकांना चिकटून दोरासारखे जाड होतात, त्यामुळे नुसत्या जाडीवर विसंबू नये. स्थिरीकरणापूर्वी नमुन्याचा अर्धा भाग डीएनए तोडणाऱ्या डीएनेझने धुवावा. जाळे नाहीसे झाले तर ते डीएनएचे होते. त्याबरोबर डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेले असते त्या हिस्टोन प्रथिनांवर सोन्याच्या कणांची खूण मिळाली, तर परीक्षकाला हरकत घेण्यास जागा उरत नाही.

१५. किती पेशी मोजाव्यात?

सर्वांत सुंदर पेशीचे चित्र छापावे, पण मोजणी तिच्यावर करू नये. आम्ही किमान तीन दात्यांचे रक्त घेतो, प्रत्येकाच्या निदान ५० पेशी मोजतो आणि कोणता नमुना कोणाचा हे मोजणाऱ्याला सांगत नाही. प्रबंधात रक्त घेतल्यापासून स्थिरीकरणापर्यंतचा वेळ, तापमान, बफरचा परासरण दाब, वाळवण्याची पद्धत आणि मुलाम्याची जाडी या पाच गोष्टी लिहिल्याच पाहिजेत. त्या नसतील तर मी चित्रे न पाहताच प्रबंध परत करतो. वाळवताना पेशी आक्रसते, त्यामुळे मोजलेली लांबी ही वाळलेल्या पेशीची आहे, याचीही नोंद असावी.

१६. रसायनांची कोणती काळजी घ्यावी?

पेशी स्थिर करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ऑस्मियम टेट्रॉक्साइडची वाफ डोळ्यांच्या पारपटलाला इजा करते. ते धूरकक्षाबाहेर उघडूच नये. कॅकोडायलेट बफरमध्ये आर्सेनिक असते, म्हणून त्याच्या जागी फॉस्फेट चालत असेल तर तोच वापरावा. उरलेले द्रव मोरीत ओतू नये.

१७. यंत्र कोठे मिळेल?

केंद्र शासनाच्या आय-स्टेम पोर्टलवर देशभरातील संस्थांची उपकरणे शोधून वेळ मागता येते. आयआयटी मुंबईतील सैफ हे प्रगत उपकरणांचे केंद्रही बाहेरचे नमुने घेते. वेळ मागण्यापूर्वी तेथील तंत्रज्ञांना दूरध्वनी करून यंत्र फील्ड-एमिशन (अधिक बारीक, तेज शलाका देणाऱ्या) प्रकारचे आहे का आणि १ ते ५ किलोव्होल्टवर चित्र देते का, हे विचारावे. याहून जास्त व्होल्टला शलाका सूक्ष्मांकुरांच्या आत खोल शिरते आणि पृष्ठभाग धूसर होतो. नमुना जैविक आहे, हेही आधीच सांगावे. धातू आणि सिरॅमिकच्या नमुन्यांची सवय असलेले काही विभाग पेशी लावून घेत नाहीत, आणि ते दारात पोहोचल्यावर कळले तर रात्रभराचा रेल्वेप्रवास फुकट जातो.